जुन्या घरगुती अ‍ॅम्प्लिफायरची देखभाल व दुरुस्ती (कोल्हापूर)

साधारण १९६० ते १९८५ या काळात घरी गाणी ऐकण्यासाठी घेतलेले व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे) किंवा सुट्या ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प्लिफायर सुरक्षितपणे पुन्हा चालू करणे आणि चालते ठेवणे, असे हे काम आहे. कोल्हापुरातल्या घरांत फिलिप्सचे रेडिओग्राम व डिन सॉकेटवाले (गोल, अनेक पिनांच्या जोडणीचे) स्टिरिओ, कॉस्मिक-सोनोडाइनसारखे देशी सेट आणि आखातातून कुणीतरी आणलेले सान्सुई, पायोनिअर, आकाई असे सगळेच सापडतात. तालमी-मंडळांच्या आहुजा मशीन (लाउडस्पीकरचे अ‍ॅम्प्लिफायर) या नोंदीत धरलेल्या नाहीत. त्यांच्या १०० व्होल्ट लाइनच्या टर्मिनलला घरगुती स्पीकर थेट जोडला, तर स्पीकरची कॉइल जळते.

कोल्हापूरच्या हवेत सेट वापरण्यापेक्षा पडून राहण्यानेच जास्त बिघडतो. जून ते सप्टेंबर दमट हवेत बंद कपाटात राहिलेल्या सेटचे स्विच आणि रिलेचे (स्पीकर आपोआप जोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट काळे पडतात, पॉटमध्ये (आवाज कमी-जास्त करायच्या बटणात) खरखर येते. जपानी सेटमध्ये मोठे कंडेन्सर बोर्डाला चिकटवण्यासाठी वापरलेला पिवळसर डिंक वर्षांनी तपकिरी होतो, ओल धरतो आणि शेजारच्या रेझिस्टन्सचे व डायोडचे पाय खातो. हा डिंक लाकडी काडीने पूर्ण खरवडून काढावा आणि हिरवे-काळे पडलेले पाय असलेले पार्ट बदलावेत. वरून स्प्रे मारून तो जात नाही. झाकण उघडल्यावर मेलेली पाल, उंदराचे मूत आणि फ्यूजवर गुंडाळलेली तांब्याची तार या तीन गोष्टी आधी शोधाव्यात. तार दिसली, तर पुढे आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट असल्याचे गृहीत धरूनच काम करावे.

पहिल्यांदा करंट देणे

मागचा व्होल्टेज सिलेक्टर आधी पाहावा. जपानमधल्या विक्रीसाठीचा सेट १०० व्होल्टचा असतो. २३० वर लावला की ट्रान्सफॉर्मर गेलाच. केवळ अमेरिकेसाठीचा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा सेट स्टेपडाउन लावूनही आपल्या ५० हर्ट्झवर घूं आवाज करत तापू शकतो. सिलेक्टरला २२० आणि २४० अशा दोन्ही जागा असतील, तर २४० ची निवडावी.

सेट थेट बोर्डाला लावू नये. सिरीज बोर्डावर (सेटचा करंट बल्बमधून नेणाऱ्या बोर्डावर) तारेचा बल्ब लावून त्यातून द्यावा: ट्रान्झिस्टर सेटला ६० वॅट, व्हॉल्व्हच्या सेटला १०० वॅट. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर कंडेन्सर चार्ज झाले आणि शॉर्ट नाही असे समजावे. लख्खच राहिला तर लगेच बंद करून रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) आणि आउटपुट ट्रान्झिस्टर मीटरने तपासावेत. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये हीटरच बरेच वॅट खातात, त्यामुळे तिथे बल्ब पूर्ण मंद होत नाही. नवखा माणूस इथे फसतो.

बंद केल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो. ट्रान्झिस्टर सेटला १०० ओहम ५ वॅटचा, व्हॉल्व्हला २.२ किलोओहम १० वॅटचा रेझिस्टन्स काही सेकंद लावून तो उतरवावा आणि मीटरने खात्री करावी. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडण्याच्या सवयीने चांगले पार्टही मरतात.

ट्रान्झिस्टर सेट

स्पीकर काढून टर्मिनलवर डीसी मोजावा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, १०० च्या वर असेल तर कारण शोधावे, काही व्होल्ट असेल तर स्पीकर जोडण्याचा विचारही करू नये. रिले असलेल्या सेटमध्ये मोजमाप रिलेच्या आधी घ्यावे. चालू केल्यावर काही सेकंदांत 'टक्' असा आवाज आला नाही, तर रिले खराब आहे असे लगेच ठरवू नये. बहुतेक वेळा तो आत चढलेला डीसी पाहूनच अडून बसलेला असतो.

मग बायस, म्हणजे गाणे नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा ठरावीक करंट. एमिटर रेझिस्टन्सवरचे व्होल्टेज मोजायचे: ०.४७ ओहमवर १० मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे २१ मिलिअँपिअर. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा आणि सेट १०-१५ मिनिटे तापल्यावर पुन्हा जुळवावा. इथला खरा चोर म्हणजे जुना उघडा ट्रिमर, म्हणजे बायस जुळवायचा छोटा पॉट. त्याचा फिरता पॉइंट ओलीने गंजलेला असतो. हात लावताच संपर्क सुटतो, काही सर्किटांत बायस एकदम चढतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टरची महागडी जोडी डोळ्यांदेखत जाते. म्हणून ट्रिमर फिरवण्याआधीच बदलावा, नवा बसवताना बायस सर्वांत कमी राहील अशा टोकाला ठेवावा आणि सिरीज बोर्डावर चालू करावा.

आउटपुट ट्रान्झिस्टर बदलताना अभ्रकाची चकती आणि दोन्ही बाजूंना पातळ थर्मल पेस्ट हवीच. बसवल्यावर बॉडी आणि हीटसिंक यांच्यात शॉर्ट नाही ना, ते मीटरने पाहावे. २एन३०५५ (१५ अँपिअर, ६० व्होल्ट) आणि सी५२००-ए१९४३ ही जोडी बाजारात सर्रास मिळते आणि सर्रास नकलीही मिळते. पुण्यातल्या बुधवार पेठेतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले म्हणून माल अस्सल ठरत नाही. अधिकृत वितरकाकडून घेतलेला माल दुप्पट किमतीतही स्वस्त पडतो.

सगळे कंडेन्सर सरसकट बदलण्याची फॅशन आहे. तिची गरज नसते. हीटसिंकजवळचे, फुगलेले किंवा गळालेले आणि पॉवर सप्लायचे आधी बदलावेत. क्षमता तीच, तापमान १०५ अंशांचे घ्यावे. व्होल्टेजमध्ये मात्र हात सैल ठेवावा: २२० व्होल्टच्या सेटला लाइनने २४५ दिले, तर ४० व्होल्टची रेल (आतली डीसी सप्लाय लाइन) ४४ च्या पुढे जाते, म्हणून ५० ऐवजी ६३ व्होल्टचा बरा. १०० हर्ट्झचा भरीव हम सप्लायच्या कंडेन्सरकडे बोट दाखवतो, ५० हर्ट्झचा बहुधा इनपुटच्या तारेकडे किंवा अर्थिंगकडे. एका वेळी एकच बाजू करावी, म्हणजे दुसरा चॅनल तुलनेला राहतो.

व्हॉल्व्हचा सेट

स्पीकर किंवा लोड न जोडता हा सेट चालवू नये; आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन फुटू शकते. आत २५० व्होल्टच्या वर डीसी असते, त्यामुळे मोजताना एक हात खिशात. ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट लाल होऊ लागली, तर व्हॉल्व्ह बदलण्याआधी ग्रिडला येणारा कपलिंग कंडेन्सर (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणारा) पाहावा. व्हॉल्व्ह काढून ग्रिडच्या पिनवर डीसी मोजले आणि थोडेही पॉझिटिव्ह व्होल्टेज दिसले, तर जुना कागदी कंडेन्सर गळतो आहे. तिथे ४०० किंवा ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर घालावा. एका ईएल८४ च्या साध्या आउटपुटला कॅथोडवर ७ व्होल्टच्या आसपास मिळाले, तर गाडी रुळावर आहे. जळालेला ट्रान्सफॉर्मर बांधून घेताना जुन्याचे वेढे आणि तारेचा गेज मोजून द्यावा; नुसता आकार सांगून काम नीट होत नाही.

पुरात भिजलेला सेट

पंचगंगेने २०१९ आणि २०२१ मध्ये शाहूपुरी, कुंभार गल्ली भागात घरांत पाणी आणले. असा सेट चालू करून बघू नये. गाळ वाळण्याआधी स्वच्छ पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा. ट्रान्सफॉर्मरच्या थरांतले पाणी पावसाळी उन्हात सुकत नाही. खोक्यात १०० वॅटचा बल्ब लावून ५०-६० अंशांवर काही दिवस ठेवावे, थर्मामीटर आत असावा. नंतर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) प्रायमरी आणि कोअर यांच्यात किमान १० मेगाओम मिळाले तरच पुढे जावे. कागदी कोनचे स्पीकर बहुधा वाचत नाहीत.

शेवटची चाचणी ८ ओहम ५० वॅटच्या रेझिस्टन्सवर, कमी आवाजात तासभर घ्यावी आणि दर पंधरा मिनिटांनी ऑफसेट (टर्मिनलवरचा डीसी) व हीटसिंकची उष्णता पाहावी. डिन सॉकेटवाल्या सेटला मोबाइल जोडताना पिन २ ग्राउंड, ३ आणि ५ डावा-उजवा अशी तार करावी. त्यानंतरही पहिले गाणे भंगारातल्या स्पीकरवरच लावावे.