टाय आणि स्लर : दिसायला एक कमान, कामे दोन

स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत, दोन स्वरांना जोडणारी कमान टाय आहे की स्लर, हे छापील पान वाचणाऱ्याला संदर्भावरून कळते; संगणकाला मात्र ते लिहिणाऱ्यानेच सांगावे लागते, आणि बहुतेक गोंधळ तिथेच सुरू होतो. टाय एकाच स्वराच्या दोन लगतच्या चिन्हांना जोडून त्यांच्या कालावधींची बेरीज करतो, त्यामुळे दुसरे चिन्ह नव्याने वाजत नाही. स्लर कालावधीला हात लावत नाही. त्याच्या कक्षेतले स्वर व्हायोलिनवर एका गजात, बासरीवर जिभेचा नवा आघात न करता आणि गाण्यात बहुधा एकाच अक्षरावर घ्यावेत, एवढेच तो सांगतो.

हिंदुस्थानी संगीताच्या भातखंडे लिपीतून इकडे वळलेल्यांची गल्लत अधिक होते, आणि ती स्वाभाविक आहे. त्या लिपीत स्वरांखालची कमान एका मात्रेत बसणारे स्वर दाखवते, स्वरांवरची कमान मींड दाखवते, आणि स्वर लांबवायचा असेल तर आडवी रेघ येते. म्हणजे टायचे काम तिथे रेघ करते, कमान नव्हे. स्लर मींडेसारखा वाटतो खरा, पण मींडेत अपेक्षित असलेले सलग घसरणे त्यात अभिप्रेत नसते.

म्युझस्कोअर आणि डोरिको या स्वरलेखनाच्या दोन्ही प्रोग्रॅममध्ये ‘टी’ या कळीने टाय येतो आणि ‘एस’ने स्लर, मजकूर टंकून स्वरलेखन करायच्या लिलीपॉन्डमध्ये टायसाठी लाटेसारखे चिन्ह टंकतात, तर स्लरसाठी गोल कंस. 4/4 तालातल्या चौथ्या मात्रेवर सुरू होऊन पुढच्या बारमध्ये (दोन उभ्या रेघांमधल्या पुढच्या घरात) एक मात्रा टिकणारा एफ शार्प, म्हणजे अर्धा स्वर चढवलेला एफ, घ्या. येथे टायऐवजी स्लर दिला, तर पान पहिल्या नजरेत बरोबर दिसते, पण ऐकताना स्वर दोनदा वाजतो. याहून उपयोगी खूण डोळ्यांना दिसते : सी मेजरमध्ये, जिथे एफ मुळात नॅचरल (न चढवलेला) असतो, टाय असताना बारलाइनपलीकडच्या एफवर शार्पचे चिन्ह पुन्हा लागत नाही, आणि स्लर असताना प्रोग्रॅम ते स्वतःहून छापतो. अनेक जण हे ‘जास्तीचे’ चिन्ह प्रोग्रॅमची चूक समजून लपवतात. माझ्या मते फॉरमॅटिंगमधली ही सर्वांत घातक दुरुस्ती आहे, कारण त्यानंतर वादकाच्या हाती जाणारे पान त्या जागी एफ नॅचरल वाजवायला सांगते.

कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांत, फरक चटकन सापडतो. तीन स्वरांचा कॉर्ड धरून ठेवायचा असेल, तर प्रत्येक स्वराचा वेगळा, असे तीन टाय लागतात. स्लर मात्र संपूर्ण कॉर्डला एकच असतो. बांधणीही निराळी असते : टाय स्वरचिन्हांच्या डोक्यांना बिलगून, चपटा जातो, तर स्लर बाहेरून, अधिक उंच वळण घेऊन जातो. म्हणून स्लरची टोके माउसने ओढून त्याला टायचा आकार देणे व्यर्थ आहे. पानाची मांडणी बदलून ओळ दुसरीकडे तुटली की हाताने केलेला तो बदल विस्कटू शकतो, आणि चुकीचा अर्थ तर फाइलमध्ये तसाच राहतो. एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात स्वरलेखन नेण्याच्या म्युझिकएक्सएमएल या फाइल-प्रकारातही या दोन खुणा वेगळ्या नोंदल्या जातात, त्यामुळे दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेल्याने चूक सुधारत नाही. कमान निवडून पुसावी, पहिला स्वर निवडावा आणि टाय नव्याने द्यावा.

दोन समान स्वरांवर स्लर आला म्हणजे तो चुकलाच, असेही नाही. तंतुवाद्यांच्या लेखनात अशा स्वरांवर स्टॅकाटोचे (तुटक वादनाचे) ठिपके असतील, तर एकाच गजात प्रत्येक स्वर किंचित वेगळा करावा असा त्याचा अर्थ होतो. दोन्ही खुणा एकत्र येतात तेव्हा मात्र टोकांकडे नीट पाहावे लागते : स्वरावलीचा शेवटचा स्वर टायने लांबला असेल, तर स्लर त्या जोडीतल्या दुसऱ्या चिन्हापर्यंत न्यावा. तो पहिल्याच चिन्हावर थांबवला, तर गज तिथेच बदलायचा की काय, अशी शंका वादकाला येते.

पुनरावृत्तीत दुसऱ्या फेरीसाठी वेगळा शेवट छापलेला असेल, तर त्या दुसऱ्या शेवटाशी टायला आधीचे चिन्ह लगत मिळत नाही, कारण मध्ये पहिला शेवट छापलेला असतो. लिलीपॉन्डमध्ये त्यासाठी स्वतंत्र आज्ञा आहे. ज्या प्रोग्रॅममध्ये तशी सोय नसेल, तिथे आखूड स्लर काढून टायचे रूप देणे मला मान्य आहे; मात्र तो स्वर ऐकताना पुन्हा वाजेल, म्हणून त्याचे प्लेबॅक बंद करावे.