क्लेपची पहिली परीक्षा कोणती द्यावी?

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांसाठी, आमच्या शिकवणी व सल्ला केंद्राचं माहितीपत्रक

क्लेपची परीक्षा पास झाली की कॉलेजचा तो कोर्स न करताच त्याची क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजली जाणारी एककं, मिळू शकतात. परीक्षा वेगवेगळ्या विषयांच्या असतात. आमच्याकडे येणारे पालक बसता बसताच विचारतात, "यातली सगळ्यात सोपी कोणती?" साहजिक आहे. पण सोपी म्हणून दिलेल्या परीक्षेचं क्रेडिट मुलाच्या पदवीत कुठेच बसलं नाही, तर शंभरेक डॉलर आणि महिनाभराचा अभ्यास पाण्यात जातो. म्हणून आम्ही उलट्या टोकाने सुरुवात करतो: आधी कॉलेज, मग पदवीचा तक्ता, परीक्षा सगळ्यात शेवटी. पहिली परीक्षा अशी निवडावी की जिच्या क्रेडिटची जागा आधीच ठरलेली आहे आणि जिचा निम्मा अभ्यास या ना त्या कारणाने झालेलाच आहे. दोन्ही गोष्टी जुळणारे विषय बहुतेकांच्या बाबतीत दोन-तीनच निघतात.

थोडी प्राथमिक माहिती

क्लेप म्हणजे कॉलेज लेव्हल एक्झामिनेशन प्रोग्रॅम. सॅट (कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा) आणि एपी (हायस्कूलमध्ये कॉलेजच्या पातळीचा कोर्स करून द्यायची परीक्षा) घेणारं कॉलेज बोर्डच ही परीक्षा १९६७ पासून घेतं. सध्या ३४ विषय आहेत. एपीसारखी वर्षातून एकदाच मे महिन्यात द्यायची भानगड नाही, परीक्षा वर्षभर चालू असते. शाळेत तो विषय घेतलेला असायलाच हवा असंही नाही. बहुतेक विषयांना दीड तास, संगणकावर, पर्यायी उत्तरांचे प्रश्न. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडू नये. निबंध असलेल्या परीक्षा वगळल्या तर निकाल तिथल्या तिथे पडद्यावर दिसतो.

गुण २० ते ८० या पट्टीवर मिळतात. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस ५० ची आहे आणि बरीच कॉलेजं तीच धरतात, काही थोडे जास्त मागतात. ५० ऐकलं की आपल्याकडच्या बाबांचा चेहरा उतरतो. काठावर पास झाल्यासारखं वाटतं. पण हे टक्के नव्हेत. शिवाय हे गुण जीपीएमध्ये, म्हणजे कॉलेजच्या गुणांच्या सरासरीत, धरले जात नाहीत. स्पॅनिशसारख्या भाषा सोडल्या तर ५२ वाल्याला जेवढी क्रेडिट मिळतात तेवढीच ७४ वाल्याला. म्हणून घरात "किती पडले?" विचारण्यात अर्थ नाही. कॉलेजने ठरवलेला आकडा पार झाला की काम झालं.

कॉलेजचा तक्ता वाचताना

जवळजवळ प्रत्येक कॉलेजच्या रजिस्ट्रारच्या (नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाच्या) पानावर क्लेपचा एक तक्ता असतो. त्यात चार रकाने पाहायचे: परीक्षेचं नाव, किमान गुण, किती क्रेडिट आणि त्याच्या बदल्यात कॉलेजचा कोणता कोर्स माफ होतो. खरी मेख चौथ्या रकान्यात आहे.

फ्लोरिडाचं उदाहरण घ्या. तिथे सरकारी कॉलेजांसाठी राज्यानेच एक यादी ठरवून दिली आहे आणि कोर्सचे क्रमांकही राज्यभर सारखेच आहेत. प्रिन्सिपल्स ऑफ मॅक्रोइकॉनॉमिक्स पास झालात की ईसीओ २०१३, मायक्रो पास झालात की ईसीओ २०२३, इंट्रोडक्टरी सायकॉलॉजीला पीएसवाय २०१२. बिझनेसच्या मुलाच्या पदवीत पहिले दोन्ही कोर्स सक्तीचे असतात. म्हणजे तिथे क्रेडिटची जागा पक्की, कोणाला विचारायलाही नको.

याउलट बऱ्याच कॉलेजांच्या तक्त्यात कोर्सचा क्रमांकच नसतो, नुसतं 'इलेक्टिव्ह', म्हणजे ऐच्छिक विषय, लिहिलेलं असतं. पदवी साधारण १२० क्रेडिटची असते. त्यात मोकळ्या इलेक्टिव्हना जागा किती, हे विषयावर अवलंबून. इतिहास किंवा कम्युनिकेशन घेणाऱ्याला भरपूर, इंजिनिअरिंगवाल्याला नावापुरती. इंजिनिअरिंगच्या मुलाने तीन परीक्षा देऊन नऊ इलेक्टिव्ह क्रेडिट मिळवली तरी तो एक दिवसही लवकर पदवीधर होत नाही. गुणपत्रक तेवढं लांबतं.

आणखी दोन ओळी बारीक अक्षरात असतात, त्याही वाचा. परीक्षांमधून जास्तीत जास्त किती क्रेडिट घेता येतात, ही एक. आणि त्याच विषयाचा वरच्या पातळीचा कोर्स झाल्यावर खालच्या पातळीचं क्रेडिट मिळतं का, ही दुसरी. बहुतेक ठिकाणी मिळत नाही. कॅल्क्युलस पूर्ण करून मग कॉलेज अल्जिब्राची परीक्षा देणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. भाषांचंही तेच. क्रमाला महत्त्व आहे ते यामुळे.

जिथे क्लेपच्या वाटेला जाऊ नये

हे आम्ही आधीच सांगून टाकतो, आमची फी गेली तरी चालेल. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे बर्कलेपासून सॅन डिएगोपर्यंतची सगळी यूसी, क्लेपचं क्रेडिट देत नाही. त्याच राज्यातली कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी मात्र देते. बे एरियातल्या पालकांनी ही दोन नावं एकात एक मिसळू नयेत. कम्युनिटी कॉलेजमधून (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजातून) पुढे यूसीत जायचा बेत असेल तर कम्युनिटी कॉलेजने मान्य केलेलं क्लेप यूसीच्या दारात अडतं. हार्वर्ड आणि प्रिन्स्टनमध्येही ते चालत नाही.

मेडिकलची स्वप्नं पाहणाऱ्या घरांसाठी वेगळी सूचना. बायोलॉजी आणि केमिस्ट्रीच्या परीक्षांना शिफारशीनुसार सहा-सहा क्रेडिट आहेत, त्यामुळे मोह होतो. पण बऱ्याच मेडिकल स्कूलना हे विषय प्रयोगशाळेसकट, कॉलेजच्या वर्गात बसून केलेले हवे असतात. अशा मुलांनी क्लेप वापरायचं तर सोशिऑलॉजी किंवा इतिहासासाठी वापरावं, विज्ञानाला हात लावू नये. इंजिनिअरिंगवाल्यांनी गणिताबाबत हेच ध्यानात ठेवावं. कॉलेज अल्जिब्रा त्यांच्या पदवीत मोजलंच जात नाही, आणि कॅल्क्युलस त्या विभागाला क्लेपमधून चालतं का, हे लेखी विचारून घ्यावं.

तवा तापलेला असताना

जागा पक्की असलेल्या विषयांची छोटी यादी हाती आली की दुसरा प्रश्न: यातलं मुलाच्या डोक्यात आत्ता ताजं काय आहे?

अनेक राज्यांत बारावीला एक सत्र अमेरिकन गव्हर्नमेंट आणि एक सत्र इकॉनॉमिक्स असतं. डिसेंबरमध्ये गव्हर्नमेंट संपलं की नाताळच्या सुट्टीत उजळणी करून जानेवारीत परीक्षा देऊन टाकावी. जूनपर्यंत थांबलात तर काँग्रेसच्या समित्या आणि सर्वोच्च न्यायालयाचे खटले पुन्हा पहिल्यापासून. इकॉनॉमिक्सचं तसं नाही. शाळेतल्या एका सत्रात जेवढं होतं तेवढ्यावर क्लेपचे आलेख सुटत नाहीत, महिनाभर वेगळं बसावं लागतं.

यू. एस. हिस्टरीचे दोन भाग आहेत. पहिला १८७७ पर्यंतचा, दुसरा १८६५ पासून आजपर्यंतचा. शाळा साधारण कालक्रमानेच शिकवते, म्हणून पहिला भाग वर्षाच्या मध्यात आणि दुसरा जूनमध्ये असं केलं की एकाच वर्षाच्या अभ्यासात दोन कोर्स सुटू शकतात. मुलगी एपी यू. एस. हिस्टरी देणार असेल तर मात्र थांबा. एकाच कोर्सचं क्रेडिट दोनदा मिळत नाही.

एपीचा निकाल जुलैत लागतो आणि तिथे एक खिडकी उघडी असते. एपी मॅक्रोला ३ मिळाले आणि कॉलेजला ४ हवेत, असं दरवर्षी कोणाचं तरी होतं. तेच कॉलेज क्लेपला ५० वर क्रेडिट देत असेल तर ऑगस्टमध्ये, अभ्यास ताजा असतानाच परीक्षा द्यावी. आमच्या मते पहिली परीक्षा म्हणून याहून चांगला योग नाही, कारण अभ्यास एकदा पुरता झालेला असतो.

पण ऑगस्टला एक अडचण आहे. परीक्षा गेली तर तोच विषय तीन महिने पुन्हा देता येत नाही. तोवर कॉलेजचं सत्र अर्धं सरतं आणि त्या कोर्समध्ये नाव घालावंच लागतं. ज्या क्रेडिटवर पहिल्या सत्राचं वेळापत्रक अवलंबून आहे, ती परीक्षा एप्रिल-मेमध्येच उरकलेली बरी.

विषयांविषयी आमचं मत

पहिल्या प्रयत्नासाठी इंट्रोडक्टरी सायकॉलॉजी आणि इंट्रोडक्टरी सोशिऑलॉजी या दोन्ही बऱ्या. व्याख्या, नावं, संकल्पना पाठ असल्या की निभावतं, आणि पाठांतरात आपली मुलं कमी नसतात. बहुतेक कॉलेजांच्या सामान्य शिक्षणाच्या गटात यांना जागाही असते.

ॲनालायझिंग अँड इंटरप्रिटिंग लिटरेचरला पाठ करण्यासारखं काहीच नाही. उतारे आणि कविता समोर देतात आणि त्यावर विचारतात. ज्या मुलीच्या उशाशी कायम पुस्तक असतं तिने हीच आधी द्यावी, आठवडाभराची तयारी पुरते. ज्याला कविता दिसली की जांभई येते त्याने हिच्या वाटेला जाऊ नये, महिना घालवूनही फरक पडत नाही.

कॉलेज कॉम्पोझिशन पहिली परीक्षा म्हणून आम्ही सुचवत नाही. ती दोन तासांहून थोडी लांब असते, दोन निबंध लिहायचे असतात आणि निकालाला थांबावं लागतं. तिचीच भावंड असलेली मॉड्युलर परीक्षा तर बरीच कॉलेजं मानतच नाहीत. नावं सारखी असल्याने नोंदणी करताना गफलत होते, म्हणून तक्त्यातलं नाव अक्षर न अक्षर ताडून पाहा.

स्पॅनिश हा मोठा डाव आहे. शिफारशीनुसार ५० ला सहा क्रेडिट आणि ६३ ला नऊ. शाळेत चार वर्षं स्पॅनिश केलेल्या मुलाने ती शाळा सुटताच द्यावी, भाषा गंजायला वेळ लागत नाही. मराठी आणि हिंदी क्लेपच्या यादीत नाहीत. मराठी शाळेत केलेल्या अभ्यासाचं श्रेय हायस्कूल देतं का, तो वेगळा विषय आहे आणि तो शाळेच्या समुपदेशकाकडे काढायचा.

तिशी-चाळिशीतल्यांसाठी

नर्सिंगला जाऊ इच्छिणाऱ्या बऱ्याच जणी आमच्याकडे येतात. त्यांच्या प्रवेशाच्या अटींमध्ये सायकॉलॉजी आणि ह्यूमन ग्रोथ अँड डेव्हलपमेंट बहुधा असतातच. मुलं वाढवलेल्या आईला दुसऱ्या विषयातलं निम्मं अनुभवाने कळतं, उरतात पियाजे, एरिक्सन हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांनी सांगितलेल्या वाढीच्या पायऱ्या.

पुण्या-मुंबईकडे बी. कॉम. झालेल्यांना फायनान्शियल अकाउंटिंग हातचा मळ वाटतो. नोंदी त्याच, डेबिट-क्रेडिट तेच. पण आपण 'संड्री डेटर्स' म्हणून शिकलो ते इथे 'अकाउंट्स रिसीव्हेबल'. आपल्या जुन्या ताळेबंदात मालमत्तेची बाजू जमीन-इमारतीपासून सुरू व्हायची, इथे ती रोख रकमेपासून सुरू होते. दोन आठवडे फक्त या सवयी मोडायला ठेवा. सीपीएसाठी (अमेरिकेतल्या परवानाधारक लेखापालासाठी) १५० क्रेडिटचा आकडा गाठायला ही परीक्षा काही राज्यांत उपयोगी पडते, मात्र ते क्रेडिट एखाद्या कॉलेजच्या गुणपत्रकावर चढलेलं असावं लागतं. राज्याच्या मंडळाला विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

गणित बहुतेकांचं पक्कं असतं. बारावी सायन्स केलेल्याला कॉलेज अल्जिब्रा थोड्या उजळणीने जमतं. अमेरिकन इतिहास मात्र मोठ्यांनी आधी घेऊ नये. इथे जन्मलेलं मूल चौथी-पाचवीपासून बोस्टनची चहापार्टी ऐकत आलेलं असतं, सांगलीत शिकलेल्याला ती पहिल्यापासून वाचावी लागते.

एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी एवढं जपावं: परीक्षेतून मिळालेली क्रेडिट त्या सत्राच्या पूर्णवेळ नोंदणीत धरली जात नाहीत. त्यांच्या भरवशावर वर्ग कमी करू नका.

पैसे आणि जागा

परीक्षेचं शुल्क शंभर डॉलरच्या आसपास आणि केंद्राचं वेगळं. मॉडर्न स्टेट्स या ना-नफा संस्थेचे ऑनलाइन कोर्स फुकट आहेत. कोर्स पूर्ण केला की परीक्षेच्या शुल्काचं व्हाउचरही ती देते. आमची शिकवणी लावायच्या आधी तो कोर्स पाहा. पुष्कळांचं त्यातच भागतं. सैन्यात असलेल्यांचं शुल्क डँटीस हा सरकारी कार्यक्रम भरतो.

घरूनही परीक्षा देता येते, कॅमेऱ्यावर पर्यवेक्षक असतो. खोलीत दुसरं कोणी चालत नाही. आजी प्रेमाने चहा घेऊन आत आली तर परीक्षा रद्द होऊ शकते, तेव्हा घरच्यांना आदल्या दिवशीच बजावून ठेवा. नोंदणी करताना कॉलेजचं नाव दिलं तर तिथे गुण फुकट पाठवले जातात, नंतर पाठवायला पैसे पडतात.

आमच्याकडे येताना

कॉलेज ठरलं असेल तर त्याच्या क्लेपच्या तक्त्याची आणि पदवीच्या आराखड्याची छापील प्रत आणा. ठरलं नसेल तर मनातल्या तीन-चार कॉलेजांचे तक्ते आणा. चारही ठिकाणी चालणारा विषय एखादा तरी निघतोच, आणि मग पहिली परीक्षा तीच. शाळेचं गुणपत्रक आणि एपीचे निकालही सोबत असू द्या.

यायच्या आधीच्या रविवारी सकाळी मनातल्या विषयाचा एक नमुना पेपर घड्याळ लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून सोडवून पाहा. आमचा ठोकताळा असा: काही न वाचता निम्म्याहून जास्त उत्तरं बरोबर आली तर तीन-चार आठवड्यांत परीक्षेला बसायला हरकत नाही. एक तृतीयांशही आली नाहीत तर तो विषय दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर ढकलू. सोडवलेला पेपर तसाच आणा, चुका खोडू नका. पहिल्या भेटीचे पैसे आम्ही घेत नाही. मुलाला सोबत आणाच, कारण परीक्षा त्याला द्यायची आहे.