प्रिन्सच्या धावेमागचा धाकटा भाऊ

नव्वदच्या दशकात चपला बाहेर काढून कॉम्प्युटर लॅबमध्ये शिरलेल्या आमच्या पिढीला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या कॉम्प्युटर गेमची ओळख करून द्यावी लागत नाही. तळघर, १२ लेव्हल आणि हातात फक्त ६० मिनिटं. एकजण की-बोर्डवर बसायचा, बाकीचे मागून ओरडायचे, ‘शिफ्ट सोडू नकोस!’ सोडलं की कडेला लोंबकळणारा प्रिन्स थेट खालच्या सुळ्यांवर.

तो पडला की आपल्याच पोटात गोळा यायचा, कारण त्याच्या अंगाला वजन होतं. धावता धावता थांबताना तो किंचित घसरायचा. ही धाव खऱ्या मुलाची होती. गेम बनवणारा जॉर्डन मेक्नर १९८५ साली नुकताच येल विद्यापीठातून बाहेर पडला होता. त्याने धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं आणि व्हिडिओवर चित्रण केलं. मग टीव्हीवर टेप थांबवत एकेका चौकटीचा फोटो काढला, आकृतीच्या कडा हाताने रंगवून घेतल्या आणि त्या ॲपल टू या कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या. तलवारबाजीच्या हालचाली १९३८ च्या रॉबिन हूडवरच्या चित्रपटातून घेतल्या. संगीत वडिलांचं. घरचंच कार्य म्हणा ना!

सुरुवातीला गेममध्ये मारामारी नव्हतीच. शत्रू हवा असं ठरलं, तेव्हा ॲपल टूच्या मेमरीत नव्या पात्राला जागा उरली नव्हती. मेक्नरने प्रिन्सचीच चित्रं थोडी सरकवून एकमेकांत मिसळली आणि एक चमचमती छाया तयार झाली. चौथ्या लेव्हलला आरशातून बाहेर पडते ती हीच. मला हा या गेमचा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

१९८९ मध्ये गेम आला तेव्हा ॲपल टूचे दिवस सरत आले होते, विक्री बेताचीच झाली. पुढच्या वर्षी तो डॉसवर, म्हणजे तेव्हाच्या पीसीच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर आला, आणि फ्लॉपीवरून फ्लॉपीवर होत आमच्यापर्यंत पोचला.

शेवटच्या लेव्हलला छाया तलवार घेऊन समोर उभी राहायची. तिच्यावर वार केला की आपलाच जीव कमी व्हायचा. कितीतरी दिवस आम्ही तिथेच मरत होतो. मग एका दुपारी कुणीतरी खालच्या बाणाची की दाबली. प्रिन्सने तलवार म्यान केली, छायेनेही केली. दोघं एकमेकांकडे धावले आणि एक झाले.