स्कूबा टाकीची बांधणी

पाण्याखाली श्वास घेण्यासाठी लागणारी दाबाखालच्या हवेची टाकी पाणबुड्याच्या जाकिटाला किंवा पट्ट्यांच्या साजाला पक्की आवळणे म्हणजे टाकीची बांधणी. या जाकिटात हवा भरून तरंग, म्हणजे पाण्यात वर राहण्याची ओढ, कमी-जास्त करता येतो. त्याला सर्वत्र बीसीडी म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातल्या मराठी माणसाची टाकीशी पहिली गाठ बहुधा घाट उतरल्यावर पडते : मालवण-तारकर्लीला, गोव्याच्या ग्रँड बेटापाशी किंवा मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणीला. हौसेच्या पहिल्या बुडीत टाकी प्रशिक्षकच बांधून देतो. रीतसर शिक्षण घ्यायचे, तर पहिल्याच दिवशी हे काम स्वतःच्या हाताने शिकावे लागते, आणि ते तसेच शिकायला हवे.

नेहमीच्या वापरातली ॲल्युमिनियमची टाकी ११.१ लिटरची असते. तिच्यात २०७ बार दाबाने सुमारे २,२०० लिटर हवा मावते. भरलेली टाकी व्हॉल्व्हसकट १७ ते १८ किलो भरते. निपाणीकडच्या तंबाखूच्या किंवा चिकोडीकडच्या उसाच्या रानात १६ लिटरचा फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्याला हे ओझे नवे नाही. पंप पाठीवर हलू लागला की कंबर कशी भरून येते, हेही त्याला ठाऊक असते. फरक एवढाच, की पंपाचे पट्टे पंपालाच जोडलेले असतात. इथे मात्र बांधण्या दोन : साज माणसाला आणि टाकी साजाला. पहिली सैल राहिली तर लगेच जाणवते. दुसरी पाठीमागे असते, तिथे स्वतःची नजर पोचत नाही.

टाकीभोवतीचा पट्टा साधारण दोन इंच रुंदीचा, नायलॉनचा असतो आणि त्याला खटक्याचे बकल असते. खेड्यातून आलेला माणूस नेमका इथे चुकू शकतो. अंबाडीच्या वाखाचा दोर भिजला की आखडतो. ओल्या दोराची गाठ सुटता सुटत नाही, हे त्याच्या हाताला पक्के माहीत असते. नायलॉनचे उलटे आहे. तो पाणी पितो आणि किंचित लांबतो. किनाऱ्यावर कोरडा असताना कितीही ताणून बांधलेला पट्टा पाण्यात थोड्याच वेळात ढिला पडू शकतो आणि टाकी त्यातून खाली सरकते. म्हणून पट्टा आधी पूर्ण भिजवायचा आणि मगच आवळायचा. या नोंदीतली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ती ही.

टाकी उभी करून जाकीट वरून तिच्यावर उतरवतात. व्हॉल्व्हचे हवेचे तोंड, म्हणजे जिथे रबरी कडे बसवलेले असते ती बाजू, पाणबुड्याच्या पाठीकडे हवी आणि चालू-बंद करायची मूठ त्याच्या उजव्या हाताला. जाकिटाच्या पाठीची वरची कड साधारण व्हॉल्व्हच्या बुडाशी येईल एवढी उंची ठेवतात. टाकी फार वर राहिली तर मान मागे करताच डोके रेग्युलेटरवर, म्हणजे टाकीतली हवा नळीने तोंडापर्यंत पोचवणाऱ्या यंत्रावर, आपटते. फार खाली गेली तर तिचे बूड ढुंगणावर आदळत राहते. मग टाकी गुडघ्यांत धरून पट्ट्याचे टोक ओढायचे, पट्टा टाकीभोवती आडवा सरळ आहे ना हे पाहायचे आणि खटका मिटवायचा. खटका तळहाताचा जोर लावून मिटला पाहिजे. दोन बोटांनी मिटला तर पट्टा सैल आहे, पुन्हा ओढायचा. पट्टा बकलाच्या खाचांतून ठरल्या क्रमानेच ओवावा लागतो. क्रम चुकला तरी खटका आवाज करून बसतो, पण पकड येत नाही. तो आवाज पुष्कळांना फसवतो. व्हॉल्व्हच्या मानेत अडकवायचा छोटा फास असेल तर तोही घालतात. टाकी निसटलीच तर तो तिला काही काळ धरून ठेवतो, मात्र मुख्य पट्ट्याची जागा तो घेऊ शकत नाही.

यानंतर परीक्षा. जाकिटाची मूठ धरून सगळा संच जमिनीपासून वीतभर उचलायचा आणि वर-खाली झटके द्यायचे. टाकी बोटभरही सरकता कामा नये. रेग्युलेटर त्यानंतर जोडतात. जोडणी झाल्यावर संच उभा सोडू नये, आडवा ठेवावा; पडलेली टाकी पाय चेचते आणि व्हॉल्व्हही वाकवते. दर बुडीला टाकी बदलते, तशी ही परीक्षाही दर वेळी नव्याने करायची. ॲल्युमिनियमच्या या टाकीचा व्यास १८४ मिलिमीटर असतो, पोलादी टाक्या १७१ किंवा २०३ मिलिमीटरच्याही येतात. कालच्या मापावरचा पट्टा आजच्या टाकीला बसेलच असे नाही.

बुडीच्या शेवटी आणखी एक गोष्ट घडते. भरलेली ॲल्युमिनियमची टाकी समुद्रात किंचित बुडणारी असते. रिकामी होत आली की तीच सुमारे दोन किलोने तरंगू पाहते आणि तिचे बूड वर उचलले जाते. पट्टा सैल असेल तर ही ओढ त्या वेळी टाकीला डोलवते.

टाकी पाण्याखाली घसरलीच, तर मांड्यांच्या मागे धक्के बसतात, नळी ताणली जाते आणि तोंडातला रेग्युलेटर ओढल्यासारखा वाटतो. मराठी-कानडी दोन्ही सहज बोलणाऱ्या सीमाभागातल्या माणसालाही इथे हाताच्या खुणांशिवाय भाषा नाही : पंजा आडवा धरून डोलवायचा, म्हणजे काहीतरी बिघडले आहे, आणि मग टाकीकडे बोट दाखवायचे. जोडीदार टाकी वर उचलून धरतो, खटका उघडतो, पट्टा ओढून पुन्हा मिटवतो. जाकीट स्वतः काढून दुरुस्ती करणे शक्य आहे, पण बुडण्यासाठी घेतलेले शिसे जाकिटातच असेल तर जाकीट खाली जाते आणि माणूस वर ओढला जातो. हा प्रकार आधी पोहण्याच्या तलावात शिकलेला असावा.

कृष्णा, दूधगंगा, घटप्रभा या नद्यांच्या गढूळ पाण्यात शोध घेणाऱ्यांना जोडीदाराची पाठ दिसतच नाही. तिथे जे तपासायचे ते काठावर, हाताने चाचपून तपासायचे.

फ्रान्सच्या ज्याक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये ॲक्वा-लंग हे पाण्याखाली श्वास घेण्याचे उपकरण तयार केले, तेव्हा टाक्या साध्या पट्ट्यांनी थेट पाठीला बांधत. तरंग सांभाळणारी जाकिटे पुष्कळ नंतरची. जाकिटाऐवजी पाठीवर धातूची पाठपट्टी वापरणारे एका टाकीला बहुधा दोन पट्टे लावतात आणि ते अधिक भरवशाचे. जोडटाक्या पोलादी कड्यांत धरून पाठपट्टीला बोल्टने आवळतात. गुहांमध्ये टाकी पाठीऐवजी बगलेखाली नेतात : मान लवचिक दोरीत आणि बूड कमरेच्या कडीला.

पट्ट्याशी थेट संबंध नसलेली, पण घाटावर परतणाऱ्याने पाळायलाच हवी अशी एक गोष्ट. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. बुडीनंतर अंगात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे धरू शकतो. विमानप्रवासासाठी एका साध्या बुडीनंतर १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबतात. सुमारे ६०० मीटरच्या वर चढतानाही हेच धरावे. दुपारी बुडी आणि संध्याकाळी आंबोली किंवा चोर्ला घाट, असा बेत आखू नये. रात्र किनाऱ्यावरच काढावी.

घरी आल्यावर पट्टा आणि बकल गोड्या पाण्यात खळखळून धुवायचे. बकलाच्या सांध्यात मीठ धरले की खटका अर्धाच मिटतो. वाळवायचे ते सावलीत. गच्चीवरच्या उन्हात पडून राहिलेला नायलॉन कडक होतो, कडेला तंतू सुटू लागतात. असे तंतू दिसले की पट्टा बदलावा.