घरगुती थ्रीडी प्रिंटिंग
संगणकावरील आराखड्यानुसार प्लास्टिकचे पातळ थर एकावर एक चढवून घरीच वस्तू तयार करण्याचे तंत्र. घरगुती यंत्रात बहुधा 1.75 मिमी जाडीची प्लास्टिकची तार (फिलामेंट) वितळवून 0.4 मिमी छिद्राच्या नोझलमधून सोडतात. ही पद्धत अमेरिकेतील स्कॉट क्रंप यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीस शोधली. ब्रिटनमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी 2005 मध्ये रेपरॅप हा असे यंत्र कुणालाही बनवता यावे यासाठीचा खुला प्रकल्प सुरू केला आणि 2009 मध्ये क्रंप यांच्या पद्धतीच्या मूळ पेटंटची मुदत संपली. त्यानंतर ही यंत्रे घराच्या आवाक्यात आली.

शोभेच्या वस्तूंचेच कौतुक जास्त होते, पण या यंत्राचा खरा उपयोग दुरुस्तीत आहे. नागपुरात उन्हाळ्याच्या तोंडावर कूलर बाहेर निघतात आणि कुणाचे बटण तुटलेले असते, कुणाच्या झडपेची क्लिप. जुन्या मॉडेलचा सुटा भाग बाजारात मिळेलच असे नाही. कॅलिपरने माप घेऊन तो घरी छापता आला, तर एवढ्याशा तुकड्यापायी चांगला कूलर भंगारात जात नाही. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाचे हरवलेले चाकही असेच करता येते. अख्खा बैल मात्र सुताराकडूनच घ्यावा. त्याच्या हातची घडण प्लास्टिकात उतरत नाही. संधिवाताने बोटे आखडलेल्या माणसासाठी चमच्याची जाड मूठ किंवा दृष्टिहीन मुलांसाठी उठावाचा नकाशा, ही कामे तर मोठ्या कारखान्याला परवडतच नाहीत, कारण प्रत्येकाची गरज वेगळी.

प्लास्टिक निवडताना इथल्या उन्हाचा विचार आधी करावा लागतो. छापायला सर्वांत सोपे असलेले पीएलए 60 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांपुढे जातो. तेव्हा उन्हातल्या बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवलेली पीएलएची वस्तू वाकडी होते. अशा जागी सुमारे 80 अंशांपर्यंत टिकणारे पीईटीजी किंवा त्याहून उष्णतारोधक एएसए वापरावे. कूलरच्या दमट हवेत फिलामेंट ओलावा शोषते आणि छपाईत बुडबुडे येतात, म्हणून ते सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवतात.

थरांच्या फटींत अन्नकण अडकून जंतू वाढू शकतात, त्यामुळे रोजच्या जेवणाची भांडी यावर करू नयेत. कुकरची झडप, गॅसची जोडणी आणि विजेची फिटिंग यांचे भाग तर कधीच छापू नयेत.