चित्र वाकतंय की सरकतंय?

अॅडॅप्टर लावून जुनी लेन्स कॅमेऱ्यावर चढवली आणि शॉट थरथरला, की सगळा दोष रोलिंग शटरच्या माथी जातो. मीही तेच केलं होतं. दोन दिवस सेटिंग्ज उलटसुलट करून पाहिली आणि शेवटी सापडला तो अॅडॅप्टरचा सैल झालेला स्क्रू.

रोलिंग शटरमध्ये सेन्सर अख्खी फ्रेम एकदम टिपत नाही, वरून खाली ओळीमागून ओळ वाचत जातो. समजा, या वाचनाला 20 मिलिसेकंद लागतात आणि पॅन करताना (कॅमेरा आडवा फिरवताना) समोरचा खांब 1920 पिक्सेलची फ्रेम दोन सेकंदांत ओलांडतो. सेकंदाला 960 पिक्सेल झाले. म्हणजे सर्वांत वरची ओळ वाचल्यापासून खालची वाचेपर्यंत खांब साधारण 19 पिक्सेल पुढे गेलेला असतो, आणि तिरका दिसतो. शटर स्पीड वाढवला तर तो तिरकाच राहतो, फक्त जास्त रेखीव.

ढिल्या अॅडॅप्टरचं तसं नाही. लेन्स माउंटमध्ये, म्हणजे ती बसते त्या खोबणीत, केसभर हलली की चित्र सगळंच्या सगळं सरकतं. खांब मात्र सरळ.

ओळखायला ट्रायपॉड आणि दाराची चौकट पुरे. रेकॉर्डिंग चालू ठेवून लेन्स बोटांनी अलगद डावी-उजवीकडे दाबा. कॅमेरा जागचा न हलता चित्र सरकलं, तर माउंट ढिला आहे. मग हात काढून पॅन करा आणि फुटेज एकेक फ्रेम पुढे नेत बघा. चौकट एकाच फ्रेममध्ये झुकलेली दिसली तर ते शटर.

खरी गोची दोन्ही एकत्र आल्यावर होते. फ्रेम वाचून होईस्तोवर ढिली लेन्स दोन-तीनदा थरथरली, तर सरळ रेघेला नागमोडी लाटा येतात. दिसायला हा शटरचा जेलीसारखा डुगडुगाट, पण मूळ ढिलाईत. म्हणून आधी स्क्रू आवळा, जड लेन्सला खालून रॉडचा आधार द्या. दूरचं जवळ आणणाऱ्या टेलिफोटो लेन्सवर तर हे हवंच, तिथे प्रत्येक हिसका मोठा होऊन दिसतो.

उरलेला तिरकेपणा सॉफ्टवेअरमध्ये काढता येतो, स्टॅबिलाइज करण्याआधी. प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या रोलिंग शटर रिपेअर या इफेक्टमध्ये स्कॅनची दिशा निवडता येते, आणि ग्राउंड ग्लासचे जुने अॅडॅप्टर वापरणारे नेमके इथेच फसतात. यांत लेन्सचं चित्र दुधी काचेवर पडतं आणि कॅमेरा ती काच टिपतो, म्हणून हे अॅडॅप्टर चित्र उलटं देतात (प्रिझम असलेले सोडून). फुटेज 180 अंशांत फिरवून सरळ केलं की सेन्सरची वरची ओळ खाली गेलेली असते. त्यानंतर रिपेअर लावताना दिशा वरून खाली अशीच ठेवली, तर तिरकेपणा कमी होण्याऐवजी वाढतो. अशा क्लिपला दिशा खालून वर द्या, नाहीतर फिरवण्याआधीच रिपेअर लावून घ्या.