मान, शब्द आणि मीठ : एपिक फँटसीवरील पुणेरी वाचकचर्चा

एपिक फँटसी या, कल्पित जगातल्या राजा-युद्ध-जादूच्या दीर्घ कथांच्या, कादंबरीप्रकारातील पात्रे मानासाठी, दिलेल्या शब्दासाठी किंवा धन्यासाठी जे करतात त्यामागचा खरा हेतू कोणता, यावर वाचकांनी आपसात घातलेला वाद. इंग्रजीत हा वाद ‘ऑनर’ या एकाच शब्दाभोवती फिरतो. पुण्यात तो मराठीतून सुरू झाला की पहिला चहा येण्याआधीच त्या शब्दाची शकले होतात. कोणी ‘अब्रू’ म्हणतो, कोणी ‘शब्द’, कोणी ‘इमान’. मग पात्राचा निवाडा बाजूला राहतो आणि शब्द कोणता वापरायचा यावरच खडाजंगी होते. वरवर हा फाटा वाटतो, पण खरा वाद तोच आहे.

कादंबऱ्या परदेशी आहेत. जे. आर. आर. टॉल्किनची तीन खंडांची अंगठीची कथा १९५४-५५ मध्ये आली. रॉबर्ट जॉर्डनची ‘द व्हील ऑफ टाइम’ ही चौदा खंडांची मालिका १९९० मध्ये सुरू झाली आणि त्याच्या निधनानंतर ब्रँडन सँडरसनने ती २०१३ मध्ये पुरी केली. जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेचा पहिला खंड १९९६ चा, पाचवा २०११ चा. सँडरसनची स्वतःची मोठी मालिका, ‘द स्टॉर्मलाइट आर्काइव्ह’, २०१० पासूनची. मराठी वाचकाला अद्भुताचे वावडे कधीच नव्हते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची आहे आणि नाथमाधवांच्या ‘वीरधवल’वर तर दोन पिढ्या पोसल्या. पण या चर्चेचे मूळ त्या कादंबऱ्यांत सापडत नाही. ‘एपिक’ म्हणजे महाकाव्य, आणि महाकाव्य म्हटले की मराठी माणूस थेट कुरुसभेत जाऊन बसतो.

शब्दांचा हिशेब आधी मांडायला हवा. ‘अब्रू’ लोकांच्या डोळ्यांत असते. ती आपण राखतो, पण घालवायची की नाही हे चारचौघे ठरवतात. ‘इभ्रत’ तिचीच बहीण, जरा घराण्याकडे झुकलेली. ‘मान’ मिळतो आणि मागताही येतो. लग्नात रुसून बसणाऱ्या व्याह्याला विचारा. ‘शब्द’ दिला-घेतला जातो, पाळला जातो, फिरवला जातो. त्याला दोन माणसे पुरतात, तिसऱ्याची गरज नाही. ‘इमान’ वर पाहते, धन्याकडे. ‘बाणा’ कोणाकडेच पाहत नाही, आणि म्हणून कधी कधी आडमुठेपणाशी त्याची गल्लत होते. या सगळ्यांच्या तळाशी ‘मीठ’. खाल्ल्या मिठाला जागणे हा आपल्याकडचा सर्वांत जुना नोकरीचा करार. यांतला प्रत्येक शब्द न्यायाधीश बदलतो. अब्रूत न्याय गाव करते, इमानात धनी, बाण्यात आपण स्वतः. म्हणून एकच पात्र एका शब्दाखाली निर्दोष सुटते आणि दुसऱ्याखाली फासावर जाते.

जॉर्डनच्या आयेल या वाळवंटी लोकांची संहिता इथे नेहमी काढली जाते. तिच्या नावातच मान आणि देणे या दोन गोष्टी जोडलेल्या आहेत. कोणाचे देणे लागतो आणि ते कसे फेडायचे हे आयेल माणूस बहुतेक वेळा स्वतःच ठरवतो. इंग्रजी वाचकाला हे नवलाचे वाटते. ज्या भाषेत ‘उतराई होणे’ हा शब्दप्रयोग रोजचा आहे, तिथे ते समजावून सांगावे लागत नाही.

सर्वाधिक चहा सांडला असेल तो मार्टिनच्या जेमी लॅनिस्टरवर. राजाच्या पांढऱ्या झग्यातल्या अंगरक्षकांत तो पंधराव्या वर्षी दाखल झाला आणि ज्याला राखायची शपथ घेतली त्याच वेड्या राजाला त्याने मारले. ‘किंग्सलेयर’ ही शिवी त्याला जन्मभर चिकटली. मराठीत कोणी ‘राजघातकी’ म्हणतो, पण तोंडात पटकन येतो तो ‘नमकहराम’. अमृततुल्य चहाच्या दुकानातल्या बाकावर ऐकू येणारा संवाद साधारण असा :

“त्याने शब्द मोडला. विषय संपला.”

“अगं, पण कुठला मोडला? राजाला राखायचा, की दुबळ्याला राखायचा? दोन्ही शपथा त्याच्याच गळ्यात.”

“मग आधी पांढरा झगा काढून ठेवायचा. नोकरी सोडायची आणि मग मारायचं.”

“राजीनामा देऊन? नोटीस पीरियड किती, तीन महिने?”

हशा होतो, पण प्रश्न नेमका आहे. त्या पहाऱ्याची शपथ जन्माची असते. राजीनाम्याची सोय कथेने मुद्दामच ठेवलेली नाही. राजाने अख्खे शहर जाळायची आज्ञा दिली होती, हे जेमी ब्रिएन या लढवय्या बाईला सांगतो ते तिसऱ्या खंडात. तोवर वाचकाने त्याला फक्त इतरांच्या नजरेतून पाहिलेले असते, कारण त्याच्या दृष्टिकोनाची प्रकरणे त्याच खंडात सुरू होतात. म्हणून चर्चेला बसताना पहिला प्रश्न ‘कुठवर वाचलंयस?’ हाच विचारतात. तो निव्वळ शिष्टाचार नाही. दुसऱ्या खंडावर थांबलेला वाचक आणि तिसरा संपवलेला वाचक प्रत्यक्षात दोन वेगळ्या माणसांविषयी भांडत असतात.

याहून अवघड गाठ पुढे आहे. राजाला मारल्यावर जेमी खुलासा का करत नाही? नेड स्टार्क हा सरदार दरबारात शिरतो तेव्हा जेमी सिंहासनावर बसलेला असतो, आणि नेड मनातल्या मनात निकाल देऊन मोकळा होतो. एक वाक्य बोलला असता तर जेमीची अब्रू वाचली असती. पण समोरच्याला आपला न्याय करण्याचा अधिकार आहे, हे त्या वाक्यात कबूल करावे लागले असते. अब्रू गेली तरी चालेल, खुलासा देणार नाही. इंग्रजीत याला ‘प्राइड’ म्हणून मोकळे होतात. मराठीत तो बाणा की माज यावर तासभर जाऊ शकतो. प्रस्तुत लेखकाचे मत माजाकडे झुकते. नेडचे बरोबर उलटे. मुलीच्या जिवासाठी तो साऱ्या शहरासमोर न केलेल्या राजद्रोहाची कबुली देतो. तो स्वतःच्या हाताने अब्रू टाकतो आणि तरीही वाचकाच्या लेखी उंचावतो.

शपथेला आंधळेपणाने चिकटण्याचा विषय निघाला की भीष्म येतोच, आणि भीष्म आला की इरावती कर्वे. डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या इरावतीबाईंचे ‘युगान्त’ १९६७ चे. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. माणूस स्वतःसाठी काही करतो तेव्हा इतरांच्या नजरेचा धाक त्याला मर्यादेत ठेवतो, पण दुसऱ्याच्या भल्यासाठी त्याग करायला निघालेल्याला तशी मर्यादाच उरत नाही, असा त्यांच्या भीष्मावरील विवेचनाचा गाभा आहे. नि:स्वार्थ हेतू हा हेतूंतला सर्वांत धोकादायक, हा निष्कर्ष एपिक फँटसीला जसाच्या तसा लागू पडतो. सँडरसनच्या मालिकेतील झेथ हा मारेकरी ज्याच्या हाती त्याचा शपथेचा दगड असेल त्याची आज्ञा पाळतो. रडत रडत राजाला मारतो, आणि पाप आज्ञा देणाऱ्याचे, अशी मनाची समजूत घालतो. भीष्म इतका सोपा नाही. द्रौपदीने भर सभेत प्रश्न विचारल्यावर धर्म सूक्ष्म आहे म्हणून तो उत्तर टाळतो. युद्धाच्या तोंडावर युधिष्ठिर पाया पडायला येतो तेव्हा मात्र सरळ सांगतो की माणूस अर्थाचा, म्हणजे धनाचा, दास आहे आणि कौरवांच्या अर्थाने मी बांधला गेलो आहे. म्हणजे मीठच. आयुष्यभर प्रतिज्ञेची थोरवी ऐकलेल्या वाचकाला ही कबुली बोचते. बोचायलाच हवी.

हेतूचा पुरावा कशाला मानायचा, हा या चर्चेतला सर्वांत पुणेरी मुद्दा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर तिचे प्रमुख संपादक होते आणि काम पुरे झाले १९६६ मध्ये. देशभरातील हस्तलिखिते ताडून ठरवलेल्या त्या पाठात, स्वयंवरात ‘सूताला वरणार नाही’ असे द्रौपदीने कर्णाला सुनावल्याचा प्रसंग मुख्य संहितेत नाही. आता कर्ण द्यूतसभेत तिच्याविषयी जे बोलतो त्याचे काय करायचे? अपमान झाला होता म्हणून सूड, हे सोयीचे स्पष्टीकरण निसटते. उरते ते दुर्योधनाचे मीठ, किंवा कसलेही कारण नसलेला हिडीसपणा. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’वर वाढलेल्या वाचकाला हे पचत नाही. त्याच्या मदतीला उद्योगपर्व येते. तिथे जन्माचे रहस्य कळूनही कर्ण पांडवांकडे जात नाही. ही गोष्ट युधिष्ठिराला सांगू नकोस, तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन, असे कृष्णाला विनवतो. माणूस एका पर्वात इतका हलका आणि दुसऱ्यात इतका भारी. मार्टिनच्या पात्रांना ‘राखाडी’ म्हणून नावाजणाऱ्यांना इथले ज्येष्ठ वाचक हा संदर्भ तोंडावर फेकतात. थोडी शेखी त्यात असतेच.

शौर्य कुठे संपते आणि मूर्खपणा कुठे सुरू होतो, ही या वादाची आणखी एक शाखा. ९९१ मध्ये माल्डनच्या लढाईत इंग्रज सरदाराने व्हायकिंगांना अरुंद वाट ओलांडून मोकळ्या मैदानात येऊ दिले आणि तो अनेक साथीदारांसह मारला गेला. १९५३ च्या एका लेखात टॉल्किनने या वागण्यावर बोट ठेवले : मानाच्या अतिरेकापायी त्याने हाताखालच्यांचे जीव उधळले. टॉल्किनच्या अंगठीच्या कथेतला योद्धा बोरोमीर याच रोगाचा. आपल्या नगरासाठी ती सामर्थ्याची अंगठी हवी, हा त्याचा हेतू खोटा नाही, पण नगर आणि स्वतःचे नाव यांतली रेघ त्याला दिसत नाही. मुग्धा कर्णिक यांच्या ‘स्वामी मुद्रिकांचा’ या अनुवादातून ही कथा मराठीत वाचता येते. पुण्यात याला उत्तर म्हणून १६६० ची घोडखिंड निघते : बाजीप्रभू अडून राहिले ते राजा विशाळगडी पोचावा म्हणून, नावासाठी नव्हे. पण त्याहून चांगले उदाहरण जिल्ह्यातच आहे. १६६५ च्या वेढ्यात दिलेरखानाने देऊ केलेला कौल झिडकारून मुरारबाजी देशपांडे पुरंदरावर लढता लढता पडला. थोड्याच दिवसांत शिवाजी महाराजांनी तह करून २३ किल्ले मोगलांना दिले आणि १२ राखले. एकाच वेढ्यात शिपाई मरतो आणि राजा नमतो, आणि मराठी स्मृतीत कमीपणा दोघांकडेही नाही. शिपायाच्या मानाचा गज राजाला लावायचा नसतो, हे इथे शाळेच्या पुस्तकातूनच कळलेले असते. फँटसीतले बरेच राजे हा धडा न शिकता मरतात. सँडरसनचा दालिनार हा सरदार अपवाद : राज्याच्या मोलाची तलवार देऊन तो पूल वाहणारे गुलाम सोडवतो.

बायकांच्या बाबतीत शब्दांचा हा सारा डोलारा डगमगतो. मराठीत पुरुषाची अब्रू त्याच्या वागण्यात आणि बाईची तिच्या देहात ठेवण्याची खोड जुनी आहे. त्यामुळे ब्रिएनसाठी ‘अब्रू’ हा शब्द कोणी वापरत नाही. वापरला की अर्थच फिरतो. तिला सरदारकी नाही, तरी एका आईला दिलेला शब्द ती सरदारांहून चोख पाळू पाहते. तिच्यासाठी उरतो तो ‘शब्द’, आणि गंमत म्हणजे तो सर्वांत स्वच्छ आहे. चर्चेत मुली वाढल्यापासून हा मुद्दा वारंवार येतो आणि कुरुसभेतल्या प्रश्नाशी जाऊन मिळतो : स्वतःला आधी हरलेल्याचा बायकोवर हक्क उरतो का? भीष्माला न सुटलेला प्रश्न चहाच्या टपरीवर सुटत नाही, पण तो विचारण्याचा सूर बदलला आहे.

या चर्चेला ठरावीक जागा, अध्यक्ष किंवा वर्गणी नाही. महाविद्यालयांचे कट्टे, फर्ग्युसन रस्त्याच्या आसपासची हॉटेले, टेकडीवरून उतरतानाची पायवाट. पुस्तके आप्पा बळवंत चौकातून येतात किंवा फुटपाथवरच्या जुन्या ढिगातून. तिथे चौथा आणि दुसरा खंड सापडतो, पहिला कधीच नाही. चौकाजवळच शनिवारवाडा आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी तिथे नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ कोणी केले यावर अजून बोलले जाते. ‘ध’चा ‘मा’ ही आख्यायिका असली तरी एका अक्षरावर हेतू तोलण्याची सवय या गावाला तिनेच लावली असावी.

एका बाबतीत मात्र या मंडळींचा व्यवहार त्यांच्या तत्त्वांशी जुळत नाही. हजार पानी खंड उसना घेताना ‘दोन आठवड्यांत आणून देतो’ असा शब्द दिला जातो. पुस्तक सहा महिन्यांनी येते. पाठीचा कणा मधोमध मोडलेला, नकाशाच्या पानावर चहाचे गोल, खूण म्हणून पीएमपीचे तिकीट. वर नेणारा विचारतो, “काका, पुढचा खंड आहे का हो?”